बाडा हिंदूराव ते रिजची टेकडी : दिल्लीतील मराठी पाऊलखुणांचा मागोवा

दिल्लीत येऊन स्थायिक होणाऱ्या मराठी माणसाला दोन दिल्ल्या भेटतात. एक दिल्ली तो गावाकडून मनात घेऊन आलेला असतो. ती बखरींतली, पोवाड्यांतली, तख्ताची आणि फौजांची दिल्ली. दुसरी दिल्ली त्याला रोजच्या धकाधकीत सापडते, बसच्या पाट्यांवर, सरकारी वसाहतींच्या क्रमांकांत, भाजीवाल्याच्या आरोळीत. या दोन दिल्ल्यांची सहसा गाठ पडत नाही. मुले शाळेत पानिपत शिकतात, घरी गणपती बसवतात, आणि आपण ज्या रस्त्याने रोज ये-जा करतो त्या रस्त्याशी आपल्या पूर्वजांचा काही संबंध असेल, हा विचारही त्यांना शिवत नाही.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्हां काही सभासदांना वाटले की, गतकार्याच्या अहवालाबरोबरच या शहरातील आपल्या माणसांच्या खुणांचाही एक अहवाल तयार व्हावा. तो ग्रंथालयात बसून पुरा होण्यासारखा नव्हता. म्हणून थंडीतल्या रविवारी सकाळी आम्ही पायी निघू लागलो. कधी जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांतून, कधी रिजच्या काटेरी रानातून. दिल्लीच्या या दोन्ही भागांविषयी लोक दबक्या आवाजात बोलतात. अमुक गल्लीत दिवेलागणीनंतर जाऊ नका, तमुक पडक्या महालात आवाज ऐकू येतात, टेकडीवर बिनमुंडक्याचा साहेब फिरतो, अशा गोष्टी पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या संग्रही आहेत. आम्हांस भुते भेटली नाहीत. भेटली ती नावे. त्यांतील एका नावाचा माग काढता काढता दिल्लीतील मराठ्यांचा सारा इतिहास उलगडत गेला. तो येथे मांडीत आहोत.

नावाचे कोडे

जुन्या दिल्लीच्या पश्चिमेस, सदर बाजार आणि पुलबंगश यांच्या आसपास, पहाडी धीरजच्या शेजारी एक दाट वस्ती आहे. तिचे नाव बाडा हिंदूराव. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की, समोरून हातगाडी आली तर अंग चोरून भिंतीला टेकावे. डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे, खाली गोदामे आणि दुकाने, आणि मध्येच एखाद्या जुन्या दरवाज्याची कमान. तेथून उत्तरेकडे काही अंतरावर, रिजच्या टेकडीवर, महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय आहे. त्याचेही नाव हिंदूराव रुग्णालय. उत्तर दिल्लीतील कितीतरी मुलांचा जन्म तेथे झाला, कितीतरी म्हाताऱ्यांनी तेथे शेवटचा श्वास घेतला. रिक्षावाल्याला 'हिंदूराव' एवढे म्हटले की पुरते.

परंतु हे हिंदूराव कोण, असे विचारले की उत्तरे थांबतात. आम्ही विचारले तेव्हा कोणी म्हणाले शेठजी असतील, कोणी म्हणाले राजपूत राजा असेल, कोणी म्हणाले हे माणसाचे नावच नव्हे. मराठी कानाला मात्र 'हिंदूराव' ऐकताच ओळख पटते. हा मराठेशाहीतला किताब आहे. आणि 'बाडा' हा हिंदी शब्द ऐकताना आपला 'वाडा' आठवल्यावाचून राहत नाही. हे हिंदूराव म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील कागलच्या घाटगे घराण्यातील राजा हिंदूराव घाटगे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे सख्खे बंधू. ते येथवर कसे आले, हे कळण्यासाठी मात्र आधी एक शतक मागे जावे लागते.

पहिले रक्त

मराठ्यांचे दिल्लीशी नाते जयघोषाने नव्हे, तर एका कैदेच्या अखेरीने सुरू होते. १६८९ मध्ये रायगड पडला आणि संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई मोगलांच्या हाती लागल्या. त्यांच्या सुटकेसाठी, आणि स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखीच्या सनदांसाठी, पेशवे बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अलीच्या सोबत १७१९ च्या आरंभी दिल्लीस आले. दरबारात सय्यद बंधू आणि बादशहा फर्रुखसियर यांचा झगडा हातघाईवर आला होता. फेब्रुवारीच्या अखेरीस बादशहा पदच्युत होत असताना शहरात अफवांचा वणवा पेटला. किल्ल्याबाहेरच्या बाजारात आणि रस्त्यांत जमाव मराठी स्वारांवर तुटून पडला. अनोळखी शहर, अनोळखी गल्ल्या, घोडे वळवायलाही जागा नाही. त्या एका दिवसात हजार-दीड हजार मराठे कापले गेले. त्यांत संताजी भोसले होते, आणि नाना फडणविसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हेही होते.

त्यानंतर सनदा मिळाल्या, येसूबाई सुमारे तीस वर्षांनी स्वदेशी परतल्या, आणि साताऱ्यास आनंदीआनंद झाला. इतिहासाच्या पुस्तकांत सनदांना पाने मिळतात, त्या मृतांना एखादे वाक्य. चांदणी चौकाकडून लाल किल्ल्याकडे जाणाऱ्या गर्दीत आम्ही क्षणभर थांबलो, ते त्या वाक्यासाठी. येथे त्यांचे दगडी चिन्ह कोठेच नाही. कोकणातून आणि देशावरून निघालेली ती माणसे या रस्त्यांवर पडली, आणि दुसऱ्या दिवशी बाजार पुन्हा उघडला असेल.

ताल कटोरा आणि बुराडी घाट

पुढचा मुक्काम नव्या दिल्लीत, रिजच्या पूर्व उतारास लागून असलेल्या ताल कटोऱ्याचा. आज तेथे बाग आहे, बंदिस्त क्रीडागृह आहे. १७३७ च्या मार्चअखेर येथे थोरल्या बाजीरावांचा तळ होता. मराठ्यांना आपण यमुनापार पिटाळून लावले, अशी बढाई सादतखानाने बादशहास लिहून पाठविली होती. तिला उत्तर म्हणून बाजीराव मोगली फौजांना बगल देऊन, लांब लांब मजला मारीत, थेट राजधानीच्या दाराशी येऊन उभे राहिले. कालिकेच्या जत्रेस निघालेल्या लोकांनी पळत जाऊन ही वार्ता शहरात पोहोचविली. शहरातून जी फौज चालून आली तिचा ताल कटोऱ्यापाशी मोड झाला. पण बाजीराव शहरात शिरले नाहीत. चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कारणही दिले आहे. दिल्ली जाळावी असे प्रथम मनात होते. परंतु ते स्थळ मोठे, ते बिघडविल्याने राजकारणाचा दोरा तुटेल, म्हणून तो विचार सोडला. पराक्रमाच्या कथा आपण मुलांना पुष्कळ सांगतो. हातात असलेले शहर न जाळण्याचा हा निर्णयही त्यांच्या पंक्तीला बसविण्याजोगा आहे.

याच ताल कटोऱ्याच्या क्रीडागृहात फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यापूर्वी दिल्लीत संमेलन भरले होते ते १९५४ मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली. जेथे भाल्यांचे रान माजले होते, तेथे पुस्तकांच्या गाठोड्या उतरल्या. आमच्या मते हा त्या भूमीचा उत्तम सत्कार होय.

उत्तरेस बुराडी. आज येथे घरांची इतकी दाटी झाली आहे की, नदी जवळ आहे हे सांगितल्याखेरीज कळत नाही. जानेवारी १७६० मध्ये यमुनेचे पात्र फाटे फुटून पसरले होते, मध्ये बेटे आणि त्यांवर माणूस दिसू नये इतके दाट बोरू-झाऊचे रान. संक्रांतीच्या दिवसांत, १० जानेवारीस, अब्दाली आणि नजीबखान यांच्या फौजा त्या रानातून बंदुका घेऊन उतरल्या. मराठी स्वारांचे बळ भाल्यात आणि घोड्याच्या दौडीत, आणि नदीच्या चिखलात दोन्ही निरुपयोगी. दत्ताजी शिंदे तेथे जखमी होऊन पडले. कुत्बशहाने 'क्यूं पटेल, और लढोगे?' असे विचारले आणि दत्ताजींनी 'बचेंगे तो और भी लढेंगे' असे उत्तर दिले, ही आख्यायिका महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. ते स्थळ बसने जाता येण्याजोगे आहे, हे मात्र दिल्लीतील मराठी मुलांसही ठाऊक नसते. आमच्याबरोबर आलेल्या एका चिमुरडीने विचारले, "इथेच? आपल्या दिल्लीत?" तिच्या त्या 'आपल्या' शब्दाने आम्हांस या खटाटोपाचे मोल कळले.

किल्ल्यातील छत आणि आंधळा बादशहा

त्याच वर्षी सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासमध्ये आपण आज जे रंगीत लाकडी छत पाहतो ते फार पुढचे आहे. मूळच्या छताला मढविलेला चांदीचा पत्रा भाऊसाहेबांनी काढून वितळविला आणि त्याचे रुपये पाडले. फौजेचा पगार थकला होता, महाराष्ट्रातून पैसा येईना, रसद तुटली होती, हे सारे खरे. तरी दिल्लीकरांच्या स्मृतीत मराठ्यांचे नाव त्या छताशी जोडले गेले, हेही तितकेच खरे. मार्गदर्शक परदेशी पाहुण्यांना ही हकीकत सांगतात तेव्हा मराठी माणूस जरा अस्वस्थ होतो. आम्हांस वाटते की, ती मुकाट ऐकून घ्यावी, आणि मग पुढची हकीकतही सांगावी.

ती अशी. पानिपतानंतर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंदे आणि विसाजी कृष्ण बिनीवाले प्रभृतींनी दिल्ली पुन्हा घेतली, आणि अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयास असलेला बादशहा शाहआलम जानेवारी १७७२ मध्ये मराठ्यांच्या बळावर आपल्या राजधानीत आला. १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद मिळून बादशाहीचा कारभार महादजींच्या हाती आला. १७८८ च्या ऑगस्टमध्ये रोहिल्यांच्या गुलाम कादिराने किल्ला बळकावून वृद्ध शाहआलमचे डोळे काढले आणि राजघराण्यातील स्त्रियांची विटंबना केली. त्या वेळी जी फौज धावून आली ती शिंद्यांची. राणेखान आणि जिवबादादा बक्षी यांनी ऑक्टोबरात शहर आणि किल्ला सोडविला. गुलाम कादिर पळाला, पुढे पकडला गेला आणि देहान्ताची शिक्षा भोगता झाला. हा राणेखान म्हणजे पानिपतावरून जखमी महादजींना वाचवून आणणारा भिस्ती. त्याला महादजींनी भाऊ मानले आणि सरदार केले. छत उतरविणारेही मराठे आणि आंधळ्या बादशहास धीर देणारेही मराठे. एकच अर्धा सांगणे म्हणजे इतिहासाला एक डोळा ठेवणे होय.

हे पर्व ११ सप्टेंबर १८०३ रोजी संपले. यमुनेच्या पूर्वेस पटपडगंजच्या लढाईत लुई बुर्कां या फ्रेंच सेनानीच्या हाताखालील शिंद्यांच्या पलटणींचा जनरल लेकने पराभव केला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ इंग्रजांनी १९१६ मध्ये उभारला. आज तो नोएडाच्या गोल्फ मैदानात, हिरवळीच्या मधोमध उभा आहे. नोएडात राहणाऱ्या आमच्या सभासदांपैकी कित्येकांच्या घरापासून तो दोन-चार मैलांवर असेल. त्याच डिसेंबरात सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांनी दिल्लीवरील हक्क सोडला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी आठवडाभर शहराला वेढा दिला, पण तट पडला नाही. मराठी फौजांनी दिल्लीस दिलेली ती शेवटची धडक.

हिंदूराव

फौजा गेल्या. यानंतर जो मराठा दिल्लीस येऊन राहिला, त्याच्यापाशी राज्य नव्हते, मोहीम नव्हती. म्हणूनच आम्हांस तो आपल्या अधिक जवळचा वाटतो.

हिंदूरावांचे वडील सर्जेराव घाटगे. त्यांचे नाव पुणेकरांनी पैशासाठी झालेल्या छळामुळे लक्षात ठेवले, ते काही अभिमानाचे नव्हे. त्यांची कन्या बायजाबाई हिचा विवाह १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांशी झाला. घोड्यावर बसण्यात आणि कारभारात सारखीच निष्णात अशी ही स्त्री. १८२७ मध्ये दौलतराव निपुत्रिक वारल्यावर तिने दत्तक मुलाच्या नावे ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. काशीस ज्ञानवापीवरील खांबांचा मंडप १८२८ मध्ये तिनेच बांधविला. परंतु १८३३ मध्ये दत्तक पुत्र जनकोजीराव वरचढ ठरले आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. बहिणीचा आधार तुटला तसे भावाचेही ग्वाल्हेरचे दिवस सरले. हिंदूराव दिल्लीस आले.

येथे त्यांच्या कथेत दिल्लीची दुसरी एक कथा येऊन मिळते. इंग्रज कमिशनर विल्यम फ्रेझर याने १८३० च्या सुमारास रिजच्या टेकडीवर प्रशस्त बंगला बांधला होता. २२ मार्च १८३५ च्या संध्याकाळी घरी परतताना त्याला गोळी घालून ठार मारण्यात आले. मारेकरी करीमखान, आणि त्याच्यामागे फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन, असे शाबीत होऊन त्याच वर्षी दोघेही फाशी गेले. हा नवाब म्हणजे प्रसिद्ध उर्दू कवी दाग यांचा पिता. रिजवरच्या भुताखेतांच्या गोष्टींचे मूळ शोधू गेल्यास त्या संध्याकाळपर्यंत पोहोचता येईल. खून झालेल्या साहेबाचा, रानातला, एकाकी बंगला कोण घेणार? तो हिंदूरावांनी घेतला. घाटगे घराण्याच्या पुरुषाला कमिशनरच्या पिशाच्चाची भीती वाटली नसावी.

तेथे ते राजासारखे राहिले. घोड्यांचा शौक, पाहुण्यांचा राबता, मोकळा हात. दिल्लीतील इंग्रज मंडळींतही त्यांची ऊठबस होती आणि दिलखुलास यजमान म्हणून त्यांचा लौकिक होता. राज्य गेलेल्या सरदाराचे हे ऐश्वर्य वरवरचे होते, असे कोणी म्हणेल. पण कागलचा माणूस दिल्लीस येतो, परक्या टेकडीवर घर करतो आणि त्या शहराचाच होऊन जातो, या गोष्टीत घर सोडून आलेल्या आम्हां कुटुंबांना आमचेच प्रतिबिंब दिसते. याच कागलच्या घाटगे घराण्यातून पुढे यशवंतराव कोल्हापूरच्या गादीस दत्तक गेले आणि राजर्षी शाहू महाराज झाले. रिजच्या पश्चिमेस कमला नगरात एक कोल्हापूर रोडही आहे. सकाळी तेथे चहा घेऊन टेकडी चढू लागावे, म्हणजे मनाला बळ येते.

टेकडीची वाट

सह्याद्रीचे कडे चढलेल्या पायांना ही टेकडी म्हणजे केवळ चढण वाटेल. राजगड-तोरण्याशी तुलना करून नाक मुरडणारे आमच्यातही निघाले. पण ही अरवलीची शेवटची शेपटी आहे. राजस्थानापासून आलेली ही डोंगररांग येथे यमुनेजवळ येऊन मातीत मिसळते. विलायती किकराचे काटेरी रान, लालसर खडक, मोर, आणि खाऊची पिशवी हिसकावणारी माकडे. विद्यापीठाच्या बाजूने चढले की प्रथम लागतो तो १८२८ मधला फ्लॅगस्टाफ बुरूज. ११ मे १८५७ च्या रणरणत्या दुपारी शहरातील इंग्रज कुटुंबे या लहानशा वाटोळ्या बुरुजात कोंबून बसली होती. येईल ती मदत, या आशेने. संध्याकाळपर्यंत मदत आली नाही आणि वाट फुटेल तिकडे ती पांगली. वाटेवर पुढे रानात एक तळे आहे. त्याचे नावच खूनी झील. लोकस्मृती ते नाव त्याच वर्षाच्या रक्तपाताशी जोडते.

त्यापुढे चौबुर्जा मशीद, आणि मग रुग्णालयाच्या आवारातच पीर गायब. या दोन्ही वास्तू चौदाव्या शतकातील, फिरोजशहा तुघलकाच्या काळच्या. त्याचा शिकारीचा महाल या टेकडीवर होता. पीर गायब ही दुमजली, जाड भिंतींची, अंधारी इमारत. येथे राहणारा एक साधुपुरुष एके दिवशी अदृश्य झाला म्हणून हे नाव पडले. वरच्या मजल्यावर छतातून आरपार गेलेले गोल छिद्र आहे. ते ग्रह-तारे पाहण्यासाठी असावे असे मानतात. जवळच एक खोल बावडी आहे, आपण जिला बारव म्हणतो तशी. कठड्यावरून वाकून पाहिले की काळोखातून थंड हवा अंगावर येते, आणि मघाशी माकडांना हसणारी मुले गप्प होतात.

रुग्णालयाजवळच अशोकाचा स्तंभ उभा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मेरठेस उभारलेला हा स्तंभ फिरोजशहाने येथे आणविला. फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, म्हणजे मराठे पहिल्यांदा दिल्लीत आले त्याच सुमारास, दारूगोळ्याच्या स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले. शतकाहून अधिक काळ ते तसेच पडून होते. बंगल्याबरोबर ही जागाही हिंदूरावांकडे आली. ब्राह्मी लिपीचे वाचन नुकतेच साधू लागले होते आणि विद्वानांना असे लेख हवे होते. हिंदूरावांनी ते तुकडे एशियाटिक सोसायटीस देऊन टाकले. लेखांकित भाग कोलकात्यास गेला, १८६६ मध्ये परत आला, आणि १८६७ मध्ये स्तंभ सांधून पुन्हा उभा करण्यात आला. आज तो पाहताना सांध्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात. एका मराठी सरदाराच्या हातून सम्राट अशोकाचा लेख विद्वानांच्या स्वाधीन झाला, हे ज्या पाठ्यपुस्तकात येईल ते पाठ्यपुस्तक आम्हांस पाहावयाचे आहे.

१८५७ आणि ते घर

हिंदूराव १८५७ च्या आधीच वारले. ते घर मात्र त्या रणसंग्रामातून सुटले नाही. ८ जून १८५७ रोजी बादली सराईची लढाई जिंकून इंग्रज फौजेने रिजची टेकडी धरली. शहराच्या उत्तर तटाकडे पाहणारी मोक्याची जागा म्हणजे हिंदूरावांचे घर. मेजर रीडच्या हाताखाली गुरख्यांची सिरमूर पलटण तेथे ठाण मांडून बसली. सप्टेंबरात शहर पडेपर्यंत शिपायांनी या घरावर हल्ल्यामागून हल्ले केले, भिंती तोफगोळ्यांनी चाळण झाल्या. सिरमूरच्या ४९० जवानांपैकी ३२७ मेले वा जखमी झाले. बाहेरून चाल करणाऱ्या शिपायांच्या मृतांची अशी मोजदाद कोणी ठेवली नाही. आत मरणारे गुरखे, बाहेर मरणारे पुरबिये. दोघांना झुंजविणारा तिसराच.

त्याच उन्हाळ्यात कानपुरास नानासाहेब पेशवे, पुढे झांशीस राणी लक्ष्मीबाई आणि जागोजागी तात्या टोपे इंग्रजांशी झुंजत होते. आणि दिल्लीत मराठ्याच्या नावाचे घर इंग्रजांची ढाल झाले होते. यात हिंदूरावांचा दोष नाही, मृतास दोष कसला? पण इतिहास आपल्या सोयीने चालत नाही, हा धडा या टेकडीवर जितका लख्ख मिळतो तितका कोठे मिळत नसेल. जवळच १८६३ मध्ये इंग्रजांनी आपल्या विजयाचे लाल दगडाचे स्मारक उभारले. त्यावर शिपायांना शत्रू म्हटले आहे. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी आपल्या सरकारने त्यास अजितगड हे नाव दिले आणि एक फलक लावला, की येथे ज्यांना शत्रू म्हटले ते देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे वीर होते. जुना मजकूर पुसला नाही, शेजारी दुसरा लिहिला. इतिहासाशी वागण्याची ही रीत आम्हांस फार आवडली.

आपला वाटा

या भ्रमंतीतून आम्ही काय कमावले? एक गोष्ट स्पष्ट झाली. दिल्लीतील मराठी खुणा किल्ल्यांसारख्या नजरेत भरणाऱ्या नाहीत. बाजीरावांच्या तळाचा दगड नाही, दत्ताजींच्या रक्ताची माती घरांखाली गेली, १७१९ च्या मृतांना नावेसुद्धा नाहीत. टिकले ते एका राज्यभ्रष्ट सरदाराचे नाव, आणि तेही त्याने जिंकलेल्या लढाईमुळे नव्हे, तर तो येथे राहिला म्हणून. जे जिंकून परत गेले त्यांना शहर विसरले. जो घर करून राहिला त्याचे नाव शहराने वस्तीला दिले, रुग्णालयाला दिले. मुस्लिम कारागीर, पंजाबी व्यापारी, बिहारी हमाल असे सारे आज बाडा हिंदूरावचा पत्ता सांगतात, आणि ते नाव कागलचे आहे हे त्यांना ठाऊक असण्याची गरजही नाही. आपल्याला मात्र ते ठाऊक असले पाहिजे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभे केले ते नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत आले होते, आणि निवृत्त झालो की परत जाऊ, असे त्यांतील बहुतेक म्हणत असत. कोणी गेले, कोणी राहिले. त्यांची नातवंडे आता हिंदीत भांडतात आणि मराठीत रडतात. ती परत जातील असे कोणी धरून चालू नये. या मुलांना 'आपण इथले पाहुणे' एवढेच शिकविले, तर ती दोन्हींकडची पाहुणीच राहतील. या शहरात आपली माणसे मेली, चुकली, जिंकली, हरली आणि नांदली, हे त्यांनी पायांनी चालून पाहिले, तर अभिमान आणि नम्रता दोन्ही त्यांना एकदमच मिळतील.

म्हणून एक विनंती करून हा लेख पुरा करतो. दर हिवाळ्यात मंडळाने मुलांना घेऊन एक पदयात्रा काढावी. सकाळी लवकर निघावे, टोळीने जावे, पायात बूट, हाती पाण्याची बाटली आणि खाऊ मात्र पिशवीत खोल दडविलेला असावा. दुपारी जुन्या शहरात उतरून बाडा हिंदूरावच्या तोंडाशी थांबावे, आणि मुलांपैकी एखाद्याने तेथील दुकानदारास नम्रपणे विचारावे, "काका, हे हिंदूराव कोण होते?" तो मान हलवील. मग मुलाने त्याला सांगावे.